उभ्यानें ऐकलेलें संगीत

विलायती अभिजात संगीत म्हटलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें काळे कोट आणि महागडीं तिकिटें उभीं राहतात. आज ज्या उत्सवाविषयीं मी बोलणार आहें, तो या समजुतीस चांगलाच छेद देणारा आहे. लंडनमध्यें जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यांत, जवळजवळ रोज सायंकाळीं मोठ्या वाद्यवृंदांचीं वादनें होतात. यांसच ‘प्रॉम्स’ म्हणतात. हे नांव ‘प्रॉमेनाड’ म्हणजे फेरफटका या शब्दापासून आलें. परंतु आतां तेथें कोणी फिरत नाहीं. रॉयल अल्बर्ट हॉल या प्रचंड लंबवर्तुळाकार सभागृहांत पांच हजारांहून अधिक श्रोते मावतात, आणि त्यांतला अगदीं मधला, वादकांच्या पुढ्यांतला चौक उभ्या श्रोत्यांसाठीं मोकळा ठेवलेला असतो. सर्वांत जवळची जागा आणि तिकीट मात्र सर्वांत स्वस्त! आपल्याकडे पुढच्या खुर्च्या कोणासाठीं राखून ठेवतात, तें श्रोत्यांस सांगावयास नकोच.

या उपक्रमाची सुरुवात १० ऑगस्ट १८९५ रोजीं क्वीन्स हॉलमध्यें झाली. तेथील व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन याचा विचार असा कीं, प्रथम लोकांच्या आवडीच्या चिजा ऐकवाव्या आणि हळूहळू त्यांस वरच्या संगीताकडे न्यावें. तिकीट एक शिलिंग. खाण्यापिण्यास व धूम्रपानास मोकळीक. गायन चालूं असतां काड्या मात्र ओढूं नयेत, एवढीच विनंति. संचालक म्हणून त्यानें हेन्री वुड या सव्वीस वर्षांच्या तरुणास निवडलें.

पैसा देणारा गृहस्थ मोठा नमुनेदार होता. डॉ. कॅथकार्ट हे घशाचे वैद्य. त्या काळीं इंग्लंडांतील वाद्यें फार चढ्या पट्टीत लावीत, आणि त्यामुळें गायकांचे गळे बिघडतात हें त्यांस ठाऊक होतें. पट्टी उतरवाल तर पैसे देतों, अशी त्यांनीं अट घातली. काळी चारच्या गायकास काळी पांचांत गावयास लावलें तर काय होईल, हें आपण जाणतोंच. वादक नवीं वाद्यें घेण्यास तयार होईनात, तेव्हां डॉक्टरांनीं उतरत्या पट्टीचीं वाद्यें स्वतःच्या खर्चानें आणविलीं.

पण तिकीट स्वस्त ठेवलें म्हणजे त्याची झळ कोणास तरी लागतेच. वादकांचें वेतन बेताचें. दुसरीकडे अधिक पैसे मिळत असले कीं ते आपल्या जागीं बदली माणूस पाठवीत; तालमीस एक, प्रत्यक्ष वादनास दुसरा. १९०४ सालीं वुड आणि न्यूमन यांनीं ही पद्धत बंद केली. सुमारें चाळीस वादक सोडून गेले व त्यांनीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. संगीताच्या दृष्टीनें वुडचेंच खरें, यांत शंका नाहीं. तरी चार पैशांसाठीं धांवणाऱ्या वादकास दोष देण्यास माझी जीभ रेटत नाहीं. न्यूमनलाही या धंद्यानें श्रीमंत केलें नाहीं. बाहेरच्या नाटकधंद्यांत हात घालून १९०२ सालीं त्याचें दिवाळें वाजलें होतें. पुढें एडगर स्पेयर या सावकारानें तोटा सोसला, आणि १९२७ सालीं बी. बी. सी.नें हा भार उचलला. तेव्हांपासून नभोवाणी आणि प्रॉम्स यांचें नातें जडलें.

१० मे १९४१ च्या दुपारीं क्वीन्स हॉलमध्यें एल्गारची एक मोठी रचना झाली. त्याच रात्रीं जर्मन बाँबनीं तें सभागृह जाळून टाकलें. लंडन फिलहार्मोनिकच्या वादकांनीं आपलीं वाद्यें तेथेंच ठेवलीं होतीं. त्यांतलीं पुष्कळ भस्म झालीं. आवाहन होतांच लोकांनीं घरोघरचीं वाद्यें आणून दिलीं. त्याच उन्हाळ्यांत वुडनें प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्यें नेले. त्या हॉलच्या घुमटांत प्रतिध्वनि इतका कीं प्रत्येक सूर दोनदां ऐकूं येई; १९६९ सालीं छताखालीं मोठाल्या तबकड्या टांगल्या, तेव्हां तो बराच आटोक्यांत आला.

वुड १९४४ सालीं वारला. क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यांतून निघालेला त्याचा अर्धपुतळा उत्सवाच्या दिवसांत वादकांच्या मागें मांडतात. २०२० सालीं साथीमुळें हॉल बंद होता. शेवटच्या दोन आठवड्यांत तेवढे वादक एकमेकांपासून दूर दूर बसून वाजवीत होते. समोरचा चौक रिकामा होता, आणि ऐकणारे सारे आपापल्या घरीं रेडिओपाशीं होते.