डिस्कची ओळख डिस्कवरच



पंचायतीचे घरपट्टीचे हिशोब, शाळेचे जनरल रजिस्टर, सभांची इतिवृत्ते ही दप्तरे पूर्वी लाकडी कपाटात असत. आज त्यांतील बराच भाग संगणकात असतो. कपाटाला वाळवी लागली, तर आतल्या वह्या वाचल्या काय हे आपण आधी पाहतो. संगणक जळाला म्हणजे मात्र सर्वांचाच धीर सुटतो आणि सगळे गेले असे समजून घाईघाईने काहीतरी केले जाते. खरी हानी पुष्कळदा या घाईनेच होते.

मोठ्या कार्यालयांत अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचा एकच साठा करतात. तंत्रज्ञ त्यास 'स्टोरेज पूल' म्हणतात. या प्रकारातील एक सुपरिचित पद्धत म्हणजे झेडएफएस. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीत २००१ साली तिच्या कामास आरंभ झाला आणि २००५ साली तिची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. आज ती 'ओपनझेडएफएस' या नावाने लिनक्स व फ्रीबीएसडी या प्रणालींवर विनामूल्य वापरता येते.

समजा, अशा संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला, पण डिस्क शाबूत आहेत. त्या नव्या यंत्रात बसविल्या. कोणती डिस्क पूर्वी कोणत्या खोबणीत होती हे कोणासच आठवत नाही. आता साठा जुळणार कसा?

लिनक्स प्रणाली सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क आढळतील त्या क्रमाने त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते. रेशन दुकानापुढील रांगेतल्या क्रमांकासारखी ही नावे. आजचा पहिला उद्या तिसरा होतो. त्यांवर कोणाची ओळख ठरवू नये, आणि झेडएफएस ती ठरवीतही नाही. गोठा बदलला तरी गाय तिच्या कानातल्या बिल्ल्यावरून ओळखली जाते, तद्वत येथे प्रत्येक डिस्कचा बिल्ला त्या डिस्कवरच लिहिलेला असतो.

या बिल्ल्यास 'लेबल' म्हणतात. त्याच्या चार प्रती असतात, प्रत्येकी २५६ किलोबाइटची. दोन डिस्कच्या आरंभी व दोन अखेरीस. त्यात साठ्याचे नाव, साठ्याचा क्रमांक, त्या डिस्कचा स्वतःचा क्रमांक आणि तिच्या गटातील सोबतिणींचीही नोंद असते. त्यामुळे एखादी डिस्क हजर नसेल तर नेमकी कोणती हे उरलेल्या सांगू शकतात. लेबल अद्ययावत करताना चारही प्रती एकदम बदलत नाहीत. आधी दोन आणि मग उरलेल्या दोन. मधेच वीज गेली तरी एक जोडी धड राहावी, ही त्यातील दूरदृष्टी. शिवाय प्रत्येक बदलास वाढता अनुक्रमांक दिलेला असल्यामुळे, काही दिवस बाहेर राहिलेली डिस्क परत आली तर ती मागे पडली आहे हे लगेच कळते व राहिलेला मजकूर तिच्यावर भरून घेतला जातो.

म्हणून नव्या यंत्रावर पहिली आज्ञा द्यावयाची ती 'झेडपूल इम्पोर्ट'. तीपुढे नाव न लिहिता ती केवळ शोध घेते आणि आढळलेले साठे दाखविते. जुने यंत्र रीतसर निरोप न घेता, म्हणजे 'एक्स्पोर्ट' न करता, बंद पडले असेल, तर हा साठा अन्य यंत्राच्या वापरात असावा अशी हरकत येते. कारण शेवटच्या यंत्राची ओळखही लेबलवर असते. ही हरकत योग्यच आहे. दोन यंत्रे एकाच वेळी त्याच डिस्कांवर लिहू लागली तर साठा उद्ध्वस्त होतो. जुने यंत्र खरोखर बंद आहे याची खात्री झाल्यावरच 'एफ' हे अक्षर जोडून सक्तीने साठा जोडून घ्यावा.

येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. हेच 'एफ' अक्षर 'झेडपूल क्रिएट' या आज्ञेसही जोडता येते. क्रिएट म्हणजे नवा साठा निर्माण करणे. डिस्कांवर जुना साठा दिसला तर तीही आधी नकार देते. पण सक्ती केली की जुन्या लेबलांवर नवी लिहिली जातात आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी हातच्या जातात. अक्षर एकच, एका आज्ञेत तारणारे, दुसरीत बुडविणारे. अशा वेळी "बघू, जमते का" म्हणणाऱ्या हौशी मदतनिसाला नम्रपणे चहा द्यावा व कळफलकापासून दूर बसवावे.

डिस्क रेड कार्डामागून जोडल्या असतील तर अडचण वाढते. अशी काही कार्डे डिस्कवर स्वतःच्या नोंदी करतात व तिचा खरा अनुक्रमांक लपवितात. मग कार्डच जळाले तर तशाच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. झेडएफएससाठी डिस्क थेट जोडलेल्याच बऱ्या. विजेच्या लोळाने डिस्कही जळाल्या तर मात्र कोणतेही लेबल उपयोगी पडत नाही. त्यासाठी नोंदींची दुसरी प्रत अन्य इमारतीतच असावी लागते.

प्रत्येक डिस्कच्या चिठ्ठीवर कारखान्याचा अनुक्रमांक छापलेला असतो. तो, साठ्याचे नाव आणि माहिती कुलूपबंद केली असल्यास तिची किल्ली कोठे आहे ते, एवढे संगणक चालू असतानाच टिपून घ्यावे. ही यादी त्याच संगणकात ठेवू नये. कागदावर लिहून त्या जुन्या लाकडी कपाटात ठेवावी.