अंगावरचे दूध पिणारे बाळ आणि न झालेली शी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात बालरोग विभागातर्फे देण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्याच्या व्यासपीठावरून बाळाच्या शौचाविषयी बोलावे काय, असा प्रश्न विभागाच्या बैठकीत निघाला होता. शस्त्रक्रिया आणि यंत्रसामग्री या विषयांना एक प्रतिष्ठा असते. दुपट्यावरच्या डागाला ती नसते. तरीही आम्ही हाच विषय निवडला. "डॉक्टर, आज पाचवा दिवस, बाळाला शीच झालेली नाही," हे वाक्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येते. ते उच्चारणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर रात्रभराचे जागरण असते, मागे उभ्या असलेल्या आजींच्या हातात गुटीची बाटली असते, आणि ज्याच्याविषयी ही चिंता चालली आहे ते दोन महिन्यांचे बाळ बहुधा पंख्याकडे पाहून हसत असते. हसू येण्याजोगा हा प्रसंग आहे खरा. पण याच वाक्यापायी कित्येक धडधाकट बाळांचे अंगावरचे दूध तुटते, म्हणून तो आम्हांस गंभीर वाटतो.

या तक्रारीवर आमचा पहिला प्रश्न "किती दिवस झाले?" हा नसून "बाळ किती दिवसांचे आहे?" हा असतो. दुसरा प्रश्न वजनाचा. या दोन उत्तरांवर पुढचे सारे अवलंबून असते.

जन्मानंतरची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. गर्भाशयात गिळलेले गर्भजल, पित्त आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी यांचा तो साठा असतो. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ही शी पहिल्या २४ तासांत होते आणि ४८ तासांपर्यंत जवळजवळ सर्वांना होते. चिकाचे दूध या कामी मोठी मदत करते, कारण ते सौम्य सारक आहे. काळी शी लवकर निघून गेली की तिच्यातील बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जात नाही आणि काविळीचा जोरही कमी राहतो. चीक जड असतो म्हणून तो पिळून टाकण्याची समजूत आता बरीच मागे पडली असली, तरी अद्याप पुरती संपलेली नाही.

४८ तासांतही पहिली शी झाली नाही, तर मात्र वाट पाहू नये. आतड्याच्या शेवटच्या भागातील मज्जापेशी जन्मतःच तयार न झाल्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि मागे मल साठत जातो, असा एक विकार आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे अशा दोन बालकांची माहिती सादर केली. आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. साधारणपणे ५,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो आणि त्यावर शस्त्रक्रिया करता येते. पहिली काळी शी किती वाजता झाली, याची नोंद प्रसूतिकक्षातील परिचारिका एवढ्या काटेकोरपणे का ठेवतात, हे यावरून लक्षात यावे.

पाचव्या दिवसाच्या सुमारास शीचा रंग पिवळा होतो आणि तीत फोडलेल्या मोहरीसारखे कण दिसतात. तेव्हापासून पहिला महनाभर अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा, कित्येकदा प्रत्येक पाजण्यानंतर शी होते. याला जुलाब समजून औषध मागणारेही पुष्कळ भेटतात. वास्तविक पोट भरले की आतडे हलू लागते, ही नवजात बाळाच्या शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. या काळात शी म्हणजे दुधाची पावती होय. म्हणूनच पहिल्या चार ते सहा आठवड्यांत शी कमी होत असेल, तर दूध पुरेसे पोटात जाते आहे किंवा नाही हे प्रथम पाहावे लागते. अशी काही बाळे अतिशय शांत असतात. दिवसभर झोपतात, रडत नाहीत, आणि "किती गुणी बाळ आहे" म्हणून घरात त्यांचे कौतुक होते. हे कौतुक आम्हांस सर्वांत धोकादायक वाटते. पुरेसे दूध न मिळालेले बाळ थकून झोपते. त्याला उठवून पाजावे लागते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, पण दोन आठवड्यांच्या आत ते जन्मवजनावर परत आले पाहिजे आणि त्यापुढे पहिले तीन महिने दररोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी व्हावी. (हे मोजण्यासाठी साधा सुती लंगोट उत्तम, जाड डायपरमध्ये लघवीचा हिशेब लागत नाही.) वजन अडले असेल, तर आमच्या परिचारिका आईजवळ बसून बाळाने स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळा भागही तोंडात नीट धरला आहे ना, हे पाहतात. पुष्कळदा एवढ्याने दोन-तीन दिवसांत दुपटी पुन्हा पिवळी होऊ लागतात.

साधारण सहा आठवड्यांनंतर मात्र चित्र पालटते. काल-परवापर्यंत दिवसातून पाच वेळा दुपटे बदलायला लावणारे बाळ अचानक तीन दिवस, पाच दिवस, कधी आठ-दहा दिवसदेखील शी करीत नाही. घरात खळबळ उडते. परंतु बाळ केवळ अंगावरच्या दुधावर असेल, आवडीने पीत असेल, लघवी भरपूर होत असेल, पोट मऊ असेल, वजन वाढत असेल आणि अखेर झालेली शी मऊ असेल, तर हा आजार नव्हे. बद्धकोष्ठ ठरवायचे ते मलाच्या घट्टपणावरून. रोज खड्यांसारखी शी करणाऱ्या बाळाला बद्धकोष्ठ आहे. आठ दिवसांनी मऊ शी करणाऱ्याला नाही.

असे का घडते, हे समजले की भीती पुष्कळ ओसरते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात ती ३ ग्रॅमच्या वर, म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक. शिवाय गाईच्या दुधातील प्रथिनांचा सुमारे ८० टक्के भाग केसिनचा, म्हणजे पोटात घट्ट साकळणारा असतो. आईच्या दुधात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे आईच्या दुधाचे पोटात मऊ दही होते, ते लवकर पचते आणि टाकून देण्यासारखे फार थोडे उरते. महिना-दीड महिन्यानंतर पोट भरताच आतडे हलण्याची प्रतिक्रियाही मंदावते. मग इतके दिवस राहूनही शी कडक का होत नाही? आईच्या दुधात काही विशिष्ट शर्करा असतात. त्या बाळाला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात, तेथील उपकारक जिवाणूंचे अन्न बनतात आणि पाणी धरून ठेवतात. आठवड्याने झालेली शी पुष्कळ असते, तिला वासही येतो, परंतु ती मऊच असते.

काही बाळे शी करण्यापूर्वी दहा-वीस मिनिटे कुंथतात, लालबुंद होतात, रडतात आणि शेवटी मऊ शी करून शांत होतात. पोटाने जोर लावताना गुदद्वार सैल सोडायचे असते, आणि हा मेळ घालायला बाळ अजून शिकत असते. काही आठवड्यांत ते शिकते. त्याला मदत म्हणून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून गुदद्वारात घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. आजीमंडळींच्या अनुभवाविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या हातची मालीश, पोटावर हलका हात फिरवणे, पाय दुमडून पोटाशी घेणे, हे सारे आम्ही आनंदाने करू देतो. पण देठ आणि साबण यांना आमचा स्पष्ट विरोध आहे. साबणाने आतील नाजूक त्वचेचा दाह होतो, देठाने इजा होऊ शकते, आणि बाहेरून उत्तेजना मिळाल्याखेरीज शी न करण्याची सवय बाळाला लागते. एरंडेल आणि गुटीचेही तेच. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीदेखील नाही, ही शिफारस जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली स्वीकारली. तीत सहाणेवर उगाळलेल्या वेखंड-मुरडशेंगेला अपवाद नाही.

मधाविषयी वेगळे सांगावे लागते. मधात बोट्युलिनम जिवाणूंची बीजे असू शकतात. एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात आणि त्यातून स्नायू लुळे पडतात. तान्ह्या बाळांतील हा विकार १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. तो विरळ आहे, पण त्याचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठ हेच असते! शी व्हावी म्हणून चाटवलेला मध शी अडवू शकतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र या उपायांनी थेट होत नाही. ते पुढच्या पायरीवर होते. गुटीने भागले नाही की "आईचे दूध बाधते आहे" असे कोणी तरी म्हणते. आईचे डाळ-भाजी बंद होते. मग दूधच दोषी ठरते आणि डबा किंवा पातळ केलेले म्हशीचे दूध घरात येते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ छातीशी कमी वेळ ओढते. जेवढे ओढले जाते तेवढेच दूध तयार होत असल्याने आईचे दूध घटते. वरच्या दुधाने आता शी खरोखरच घट्ट होऊ लागते. दोन आठवड्यांत नसलेला आजार प्रत्यक्षात येतो, बाटलीबरोबर जुलाबाचा धोका येतो आणि महिन्याच्या खर्चात डब्यांची भर पडते. डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीस १९९२ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो अधिक कडकही झाला. पण शेजारणीच्या सल्ल्याला कोणता कायदा अडवणार?

थांबा म्हणताना धावायचे कधी हेही सांगितले पाहिजे. हिरवी उलटी, फुगलेले ताठ पोट, शीत रक्त, ताप, पिण्याची अनिच्छा, बाळ मलूल पडणे किंवा वजन न वाढणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर कितवा दिवस हे न मोजता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. बाळ सुस्त, आवाज घोगरा, कावीळ लांबलेली आणि शी अडलेली असेल, तर थायरॉईडची रक्ततपासणी तातडीने करावी लागते. उपचाराला उशीर झाल्यास बुद्धीची वाढ खुंटते. आणि शी वेळेवर होत असूनही ती शाडूच्या मातीसारखी पांढुरकी असेल, तर ते पित्तमार्ग बंद असल्याचे चिन्ह असू शकते. त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. तेथे एकेक आठवडा मोलाचा आहे.

देणगीदारांस एक निवेदन. या विषयात आम्हांस महागडे यंत्र नको आहे. थोड्या ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा आणि आईजवळ अर्धा तास बसू शकणारी प्रशिक्षित परिचारिका, या दोनच गोष्टी लागतात. काट्याला देणगीदार मिळतो, त्यावर नावाची पट्टीही लागते; परिचारिकेच्या अर्ध्या तासावर पट्टी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी निधी मिळवणे कठीण जाते. विश्वस्त मंडळाने या पदाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

उपस्थित मातांसाठी शेवटची सूचना : सभा संपल्यावर बाळांची वजने येथेच घेतली जातील. बाळाची आरोग्यपत्रिका जवळ असल्यास आणावी. शीविषयी शंका असेल तर डाग पडलेले दुपटे न धुता तसेच पिशवीत घालून आणावे. संकोच बाळगू नये.