दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी?

(गेल्या वर्षी आपल्या गणेशोत्सवात, गुणवंत विद्यार्थी सत्काराच्या संध्याकाळी बिलासपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी सचिवांना म्हटले, "अहो, सत्काराला एखादे प्राध्यापक बोलवा. मी डिप्लोमावाला माणूस." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला सांगतोय. निकाल लागला की निम्मे पालक मला एकच विचारतात, पोराला पॉलिटेक्निकला घालू की अकरावी सायन्सला?" तेव्हा आज बोलतो ते याच एका प्रश्नावर.

मी विदर्भातल्या एका पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत पी-वेत लागलो. आज सीनियर सेक्शन इंजिनियर आहे. आपल्याकडे 'डिप्लोमा केला' हे वाक्य थोडे खाली मान घालून बोलतात, जणू बारावीला जमले नसते म्हणून केला. ते मला मान्य नाही. पण उलट बाजूने जे सांगतात, की डिप्लोमा करून मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री, वर्षही वाचते आणि त्रासही कमी, तेही जसेच्या तसे मान्य नाही.

दोन्ही शिक्षणांत फरक काय, ते माझ्या रोजच्या कामातून सांगतो. रुळाचे वळण बरोबर आहे की नाही हे तपासताना आम्ही २० मीटरची दोरी रुळाला ताणून धरतो आणि मध्यावर दोरी व रूळ यांतले अंतर मोजतो. त्याला वर्सीन म्हणतात. २ अंशांच्या वळणाची त्रिज्या ८७५ मीटर, तिथे वर्सीन साधारण ५७ मिलिमीटर यायला हवा. डिप्लोमावाल्या पोराला हे सूत्र पाठ असते, आणि वर्सीन एका ठिकाणी ५० आणि पुढच्या ठिकाणी ६५ आला तर ट्रॅक कुठे आणि किती सरकवायचा हेही तो लवकर शिकतो. डिग्रीवाल्याला ते सूत्र कुठून आले ते मांडता येते. खरे म्हणजे ते वर्तुळाच्या जीवेचेच प्रमेय आहे, इथे बसलेल्या दहावीच्या मुलांनी ते नुकतेच केले आहे. ब्लॉक मिळालेला असताना, गँग उभी असताना पहिले ज्ञान कामाला येते. पण वळणाचे डिझाइन करायचे असेल, नवा पूल आखायचा असेल, तर दुसऱ्यावाचून चालत नाही. विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी हे दुसरेच पाहते. डिप्लोमावाल्याची अडचण इथून सुरू होते.

रेल्वेच्या आत डिप्लोमाला चांगली किंमत आहे. ज्युनियर इंजिनियरची भरती त्यावर होते, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल ६, मूळ पगार ३५,४०० पासून. पुढे बढतीने सीनियर सेक्शन इंजिनियर, आणि विभागीय परीक्षा देऊन ग्रुप बी अधिकारीसुद्धा होता येते. माझे काही वरिष्ठ डिप्लोमावालेच आहेत आणि त्यांच्यासमोर भले भले डिग्रीवाले जपून बोलतात. पण सीनियर सेक्शन इंजिनियर म्हणून थेट भरती व्हायचे असेल तर डिग्री लागते. यूपीएससीची इंजिनियरिंग सर्व्हिसेस परीक्षा नुसत्या डिप्लोमावर देता येत नाही. गेट नाही, एम.टेक. नाही. अठराव्या वर्षी हे कुणाला सुचत नाही. तिशीत, हाताखाली आलेला मुलगा चार वर्षांत साहेब होतो तेव्हा ते लागते.

आता डिग्रीकडे जायचे कसे? ऐकीव माहितीवर मुलांची वर्षे जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

आयआयटी आणि एनआयटीत बी.टेक.चा प्रवेश जेईईवरून, पहिल्या वर्षाला. तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा जेईईसाठी पात्रता म्हणून चालतो, हे पुष्कळांना माहीत नसते. पण अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षे सर्व्हे आणि ड्रॉइंग केलेल्या मुलाने कोटाहून आलेल्या मुलाशी त्या पेपरात बरोबरी करायची. म्हणजे दार उघडे, पण उंबरठा छातीएवढा.

दुसरा रस्ता लॅटरल एन्ट्रीचा, म्हणजे राज्यातल्या इंजिनियरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला. हा खरा रस्ता आहे आणि हजारो मुले त्याने गेली आहेत. मात्र पहिल्या वर्षाचे गणित त्यांचे झालेले नसते. आमच्या कॉलनीतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा, डिप्लोमाला ८० टक्क्यांच्या पुढे, हुशार, हात तर असा की घरातला मिक्सर तोच दुरुस्त करणार. कॉलेजात गेला तो थेट लॅप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरिए सिरीजसमोर जाऊन बसला. बरोबरची मुले वर्षभर कॅल्क्युलस करून आलेली. दोन सेमिस्टर त्याची एम-थ्री राहिली. शेवटी निघाला, आज नोकरीत आहे. पण त्या वर्षी त्याच्या आईने किती उपास केले ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा. म्हणून डिप्लोमानंतर डिग्री करायचीच असे ठरलेले असेल, तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून बारावीचे गणित आणि पहिल्या वर्षाचे इंजिनियरिंग मॅथ्स घरी सुरू करा. काही ठिकाणी ब्रिज कोर्स असतो, त्याच्यावर विसंबून राहू नका.

आता आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांचा मुद्दा. महाराष्ट्रात राहणाऱ्या पालकाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडायलाच हवा. लॅटरल एन्ट्री हा राज्याराज्याचा कारभार आहे. पश्चिम बंगालात त्यासाठी जेलेट परीक्षा, आंध्र आणि तेलंगणात ईसेट, कर्नाटकात डीसीईटी. आणि बहुतेक ठिकाणी जागा किंवा प्राधान्य त्याच राज्यातल्या पॉलिटेक्निकमधून निघालेल्यांना. म्हणजे मुलाने इथे डिप्लोमा घेतला आणि तुमची बदली नागपूर विभागात झाली, तर त्याला तिथल्या रांगेत परका म्हणून उभे राहावे लागू शकते. झोन एकच, दक्षिण पूर्व मध्य. पण कॉलेजला झोनशी काय देणेघेणे! सीबीएसईची बारावी मात्र देशभर चालते.

तिलाही एक गाठ आहे. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या कोट्यात असतात, आणि तुमचे राज्य कोणते हे बारावी कुठून उत्तीर्ण झालात त्यावर ठरते. बिलासपूरहून बारावी केली तर रायपूरची एनआयटी घरची, नागपूरची व्हीएनआयटी परराज्यातली. मग आडनाव देशमुख असो की कुलकर्णी. महाराष्ट्राच्या स्वतःच्या जागांसाठीही दहावी-बारावी कुठे केली आणि डोमिसाईल आहे का, हे पाहतात. 'आपण मूळचे अमरावतीचे' हे तिथल्या खिडकीवर ऐकून घेत नाहीत.

आमच्याच घरी मागच्या वर्षी हा प्रश्न आला. मुलीला पॉलिटेक्निकला जायचे होते, इलेक्ट्रॉनिक्सला. मी मनातून खूश. पण माझी बदली दीड-दोन वर्षांत होणार हे दिसत होते, आणि तिला पुढे संशोधनाकडे जायचे आहे असे ती स्वतःच म्हणत होती. आम्ही तिघे बसलो, कागदावर दोन्ही रस्ते लिहिले. तिने केंद्रीय विद्यालयात अकरावी घेतली. ऑफिसात मला विचारतात, "साहेब, स्वतः डिप्लोमावाले आणि मुलगी अकरावीला?" तिला थेट नोकरीच हवी असती, किंवा बदलीचा प्रश्न नसता, तर मी स्वतः तिला पॉलिटेक्निकच्या दारात सोडून आलो असतो.

शेवटी माझ्या सहकाऱ्यांसाठी, कारण शिकायची इच्छा त्यांच्यातही आहे. नोकरी करून डिग्री घ्यायची तर पूर्वी एएमआयई हा मानाचा मार्ग होता. ड्यूटी करून, रात्री अभ्यास करून लोकांनी सेक्शन ए आणि बी काढले. पण ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांचीच एएमआयई सरकार डिग्रीच्या बरोबरीची धरते, त्यानंतरच्यांची नाही. आणि पत्राद्वारे बी.टेक. याच्या तर वाटेला जाऊ नका. माझ्या एका मित्राने एका अभिमत विद्यापीठाची तशी डिग्री घेतली होती, पीएफमधून पैसे काढून. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगीवाचून चाललेल्या अशा अभ्यासक्रमांचा निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची परीक्षा देण्याची संधी मिळाली, नंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. मित्र नंतरच्यांत होता. त्याची फ्रेम केलेली पदवी कपाटावर उलटी ठेवलेली मी पाहिली आहे.

सरळ रस्ता आता पुन्हा निघाला आहे. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी कॉलेजांना संध्याकाळचे, सोयीच्या वेळेचे वर्ग काढायला परवानगी दिली. निदान एक वर्षाचा अनुभव लागतो, कॉलेज कामाच्या ठिकाणापासून ठराविक अंतराच्या आत हवे, आणि डिप्लोमावाल्याला दुसऱ्या वर्षापासून बसता येते. पी-वेवाल्याला रोज संध्याकाळी मोकळीक कुठली, हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. पण वर्कशॉप आणि ऑफिसमधल्या तरुणांनी चौकशी करायला हरकत नाही. प्रवेशापूर्वी कॉलेजला त्या वर्गासाठी त्या वर्षीची मान्यता आहे का हे एआयसीटीईच्या यादीत स्वतः पाहा, आणि ऑफिसकडून लेखी परवानगी घेऊन ती सर्व्हिस रेकॉर्डला लावून घ्या. तोंडी 'हो' म्हणणाऱ्या साहेबांची बदली तुमच्या आधी होते.

आरतीनंतर मी मंडपातच आहे. ज्यांना आपल्या मुलाची मार्कलिस्ट घेऊन बसायचे असेल त्यांनी जरूर यावे. फक्त मुलालाही बरोबर आणावे.