हरणारा गुरू : जपानी शस्त्रविद्येची घराणी



जपानी शस्त्रविद्या म्हटली की चित्रपटांतील सामुराई आणि त्याची लखलखती तलवार डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही विद्या तगली ती घराण्यांमुळे. घराण्याला जपानी शब्द आहे ‘र्‍यू’. त्याचा मूळ अर्थ प्रवाह. आपल्या गायकीच्या घराण्यांची आठवण व्हावी, असेच हे प्रकरण आहे. सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक, कातोरी शिंतो-र्‍यू, पंधराव्या शतकात इइझासा इएनाओ यांनी कातोरी देवस्थानाच्या परिसरात स्थापिले. तलवार, भाला, काठी, लांब दांड्याचे नागिनाता, इतकेच नव्हे तर दुर्गरचनाही तेथील अभ्यासात होती. शिष्य स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेई : विद्या बाहेर सांगणार नाही, परवाना मिळेपर्यंत अन्य घराण्यांशी सामने करणार नाही.

शिक्षण चाले ते ‘काता’मधून, म्हणजे दोघांनी करावयाच्या, घाव-प्रतिघाव ठरलेल्या आवर्तनांतून. हाती लाकडी तलवार असे. अनेक घराण्यांत ‘उचिदाची’, म्हणजे घाव घालून अखेर हरणारा, ही भूमिका गुरूची. जिंकणारा ‘शिदाची’ तो शिष्य. वरवर पाहता हे उफराटे वाटते. परंतु नेमके अंतर, नेमका क्षण आणि खरा घाव शिष्यापुढे आणून ठेवणे नवख्याचे काम नव्हे. गुरूचा घाव लटका, तर शिष्याचा विजयही लटकाच. म्हणून पिकल्या केसांचा आचार्य सहस्रावधी वेळा हरत राहतो.

अठराव्या शतकात वेळूची तलवार आणि संरक्षक कवच आले, मोकळे सामने रंगू लागले. काताला शोभेची कसरत म्हणून नावे ठेवली गेली. पुढे 1868 मध्ये शोगुनशाही संपली आणि तलवारबहाद्दरांचे अन्नच तुटले. साकाकिबारा केनकिची यांनी 1873 मध्ये तोक्योत तिकीट लावून सामन्यांचे खेळ मांडले. विद्येचा बाजार मांडल्याचा ठपका त्यांच्यावर आला. परंतु उपाशी शस्त्रधराने दुसरे काय करावे? 1876 मध्ये तर सामान्यतः तलवार बाळगून हिंडण्यासच बंदी झाली.

1912 मध्ये निरनिराळ्या घराण्यांच्या आचार्यांनी एकत्र बसून केंदोसाठी दहा काता सिद्ध केल्या. सात लांब तलवारीच्या, तीन आखूड तलवारीच्या. केंदो आज गुणांवर खेळला जाणारा सामना आहे. तरीही श्रेणीच्या परीक्षेत या काता कराव्या लागतात, आणि दहाही कातांत उचिदाचीच हरतो.