एकरी किती पिकले?

कापणी-झोडणी उरकून खळ्यावर रास पडली, की गावात जो तो दुसऱ्याला एकच प्रश्न विचारतो : ‘यंदा एकरी किती पिकले?’ कोकणात ज्याला भात म्हणतात, त्यालाच भंडारा-गोंदियाकडे धान म्हणतात; पण प्रश्न तोच. हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो अपुरा आहे, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. किती पिकले याच्या जोडीला, ते कशाच्या मोबदल्यात पिकले, हेही विचारले पाहिजे; आणि ज्या भूमीत जी गोष्ट दुर्मिळ, तिच्या मापाने तेथील शेती मोजली पाहिजे.

कोकणाचेच पाहा. तेथे पावसाला तोटा नाही. तरीही ओढ्याच्या वा बंधाऱ्याच्या पाण्यावर काढलेले उन्हाळी, म्हणजे वायंगणी, भात पुष्कळदा पावसाळी भाताहून सरस उतरते. याचे एक मोठे कारण ऊन. दाणा भरतो तो पानांनी उन्हात शिजविलेल्या अन्नावर. आणि श्रावण-भाद्रपदात आभाळ झाकोळलेले असते. शिवाय पाणी जसे येते तसे खत घेऊनही जाते. साचलेल्या पाण्यात युरिया फेकला, तर त्यातील बराचसा वाहून जातो वा वायुरूपाने उडून जातो. म्हणून चारसूत्री लागवडीत चार चुडांच्या मध्ये खताची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. पाणी मुबलक असलेल्या या मुलखात खताच्या मुठीचा हिशेब ठेवावा लागतो.

समुद्राकाठी हे गणित बदलते. गोव्याच्या खाजणांत बांध आणि मानस यांच्या साहाय्याने भरतीचे पाणी थोपवून शेती केली जाते. तेथे शत्रू मीठ. अशा जमिनीत कोरगुटासारखे जुने वाण एकरी थोडे देते. परंतु जेथे नामांकित वाण करपून जाते, तेथे ते उभे राहते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच गरजेपोटी क्षार सोसणारी वाणे तयार केली.

ओरिसाच्या सखल भागात याहून निराळे संकट : पुराखाली बुडणे. तेथील एका जुन्या वाणातून ‘एफआर १३ ए’ निवडले गेले. बहुतेक भाते बुडाली, की पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी उंच वाढत जातात आणि त्या धडपडीत शक्ती संपून मरतात. हे वाण मात्र वाढ थांबवून शिल्लक जपून ठेवते. त्याच्या या गुणामागील जनुक २००६ साली शास्त्रज्ञांनी ओळखले, ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात उतरविले, आणि २००९ साली नवे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. ते सुमारे पंधरवडाभर पाण्याखाली तग धरू शकते. पूर न आलेल्या वर्षी त्याच्या पिकात व साध्या स्वर्णाच्या पिकात फारसा फरक दिसत नाही. त्याची खरी किंमत कळते ती पूर ओसरल्यावर.

आता पंजाबकडे वळू. जमीन सुपीक, ऊन लख्ख. एकरी उताऱ्यात तो प्रांत देशात आघाडीवर. पण पाऊस बेताचा, आणि एक किलो तांदळामागे काही हजार लिटर पाणी लागते. ते जमिनीच्या पोटातून उपसले जाते आणि विहिरींची पातळी खोल जाते. म्हणून २००९ साली तेथे कायद्याने १० जूनपूर्वी भाताच्या लावणीस मनाई करण्यात आली. ऐन उन्हाळ्यातले बाष्पीभवन टळावे, हा हेतू. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वीचा अवधी आखडला, आणि शेतातली धसकटे जाळून टाकण्याची घाई वाढली. पाणी वाचविण्याच्या उपायाची झळ हवेला लागली! एकाच मापाने शेती मोजली, म्हणजे असे होते.

आणि ही मापेही स्थिर राहणारी नाहीत. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या शेतांवरील नोंदी तपासून २००४ साली दाखवून दिले, की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर उतारा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. शेतकरी तोच, बियाणे तेच, कष्टही तेच. केवळ रात्र उबदार झाली.

आपल्या जुन्या कुणब्याने हा विवेक कधीच सोडला नव्हता. वरकस जमिनीला हळवे भात, खोलगट मळ्याला गरवे, अशी त्याची वाटणी असे. सगळ्या शेताला एकच बियाणे त्याने लावले नाही. विज्ञानाने आज त्याच्या हाती नवी वाणे दिली आहेत. तो विवेक मात्र त्याच्याकडूनच शिकावा लागेल. तेव्हा पुढल्या खेपेस कोणी ‘एकरी किती पिकले?’ असे विचारले, तर त्याला अवश्य उत्तर द्यावे. आणि लगेच आपणही विचारावे : ‘आणि मागे शिल्लक काय उरले?’