समुद्राच्या पोटातला राजपुत्र



पाणबुडीची गोष्ट निघाली की ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोचे नाव आल्यावाचून राहत नाही. त्याची कादंबरी १८६९-७० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नावातल्या वीस हजार 'लीग' म्हणजे समुद्राची खोली, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. ते पाण्याखालून तोडलेले अंतर होय. सुमारे ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा!

पाणबुडी व्हर्नने शोधून काढली असेही कोणी समजू नये. रॉबर्ट फुल्टनने १८०० सालीच फ्रान्समध्ये 'नॉटिलस' याच नावाची पाणबुडी बांधली होती. दाबलेल्या हवेवर चालणारी फ्रेंच 'प्लाँझर' १८६३ साली पाण्यात उतरली होती. मग व्हर्नने केले काय? त्याने विजेवर चालणारी सत्तर मीटर लांबीची नौका कल्पिली, तीत बारा हजार ग्रंथ ठेवले, आणि एका दुखावलेल्या माणसाच्या हाती ती सोपवली. आम्ही हे पुस्तक प्रथम वाचले ते नौकेसाठी. पुन्हा वाचले ते त्या माणसासाठी.

'नेमो' म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीही नाही'. व्हर्नला आधी तो रशियाने घरदार उद्ध्वस्त केलेला पोलिश सरदार करावयाचा होता. प्रकाशक एत्झेलला ते मानवेना. रशियातली वाचकमंडळी दुखावली तर? म्हणून नेमोचा देश गुप्त राहिला. तरी एक खूण आहेच. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला नेमो शार्कच्या तोंडातून सोडवतो, त्याला मोत्यांची थैली देतो, आणि आपणही दडपलेल्यांच्याच देशाचे आहोत असे सांगतो. पुढे १८७४-७५ च्या 'गूढ बेट' या कादंबरीत, मरणाच्या दारी, तो आपली ओळख देतो : बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७ च्या उठावात लढून बायकामुलांना मुकलेला. व्हर्न त्याला टिपू सुलतानाचाही आप्त करतो. वंशावळीत तो कच्चा होता खरा, पण त्यासाठी आम्ही त्याच्याशी भांडणार नाही.

व्हर्नच्याच १८९६ च्या एका कादंबरीत केर काराजे नावाच्या चाच्यापाशीही पाणबुडी आहे. त्याला आज कोण आठवतो? त्याला केवळ लूट हवी होती. नेमोला न्याय हवा होता. परंतु त्याच न्यायाच्या नावाने तो एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो, आणि मग एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून हुंदके देतो. बुडालेल्या खलाशांच्या घरीही अशीच चित्रे असतील, हे त्याला त्या क्षणी उमगले असेल काय? व्हर्न उत्तर देत नाही. आम्हांस वाटते, ते उत्तर ज्याने त्याने घरी जाऊन स्वतःशीच द्यावे.