मनाचा आजार आणि जाणत्याचा सल्ला



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास हे विषय शोभून दिसतात, आणि ग्वाल्हेरला या तिन्हींची उणीव कधीच नव्हती. त्यांच्या पंगतीत ‘नैराश्य आणि त्यावरील समुपदेशन’ हा विषय मी आपणहून मागून घेतला, तेव्हा कार्यवाहांनी काळजीच्या स्वरात विचारले, “लोक येतील का?” लोक आले आहेत. मागच्या दाराजवळच्या खुर्च्या आधी भरल्या, एवढेच.

या विषयाशी आपल्या गावाचे नाते जुने आहे. ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा १९३५ साली, संस्थानी राजवटीत स्थापन झाली. या संस्थेचे नाव पाहा. त्यात वेड नाही, रोग नाही. आरोग्य आहे आणि शाळा आहे. परंतु लष्करच्या बोलण्यात हे नाव उतरले नाही. बोलण्यात राहिला तो ‘पागलखाना’ आणि हट्टी पोराला दाखवायचा धाक. पुढे देशातील मनोरुग्णालयांची दुरवस्था न्यायालयांपर्यंत गेली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर येथील संस्थांवरील देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली. कायदेही बदलले. १९१२ चा ‘लूनसी ॲक्ट’ जाऊन १९८७ चा कायदा आला. त्याच्या जागी २०१७ चा आला आणि तो २०१८ पासून अमलात आहे. मानसिक उपचार मिळणे हा आता नागरिकाचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे या कायद्याने गृहीत धरले आहे. त्याला शिक्षा द्यायची नसून त्याची काळजी घ्यायची, ही जबाबदारी शासनावर टाकली आहे.

कायदा बदलला तरी मनातली भिंत जागच्या जागी आहे. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना रुग्णालयात राहावे लागतच नाही. आठवड्यातून एकदा तासभर एखाद्या जाणत्या माणसासमोर बसावे लागते आणि गरज असल्यास औषध घ्यावे लागते. तरीही ‘मानसोपचार’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर दगडी आवार आणि लोखंडी फाटक उभे राहते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. मध्य प्रदेश त्यात होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे या बाबतीत आपण पुण्या-मुंबईच्या आप्तांच्या एक पाऊल पुढे! त्यात असे दिसले की, साधारणपणे वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्याचा आजार गाठतो आणि अशा शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जण उपचारावाचून राहतात. या सभागृहात आज किती माणसे आहेत, ते मी मोजत नाही.

दुःख आणि आजार यांतली रेषा कुठे ओढायची, हा प्रश्न रास्त आहे. पत्नी गेली, मुलगा परदेशी गेला, निवृत्तीनंतर घर खायला उठले, तर माणूस दुःखी होणारच. त्याला औषध कशाला? परंतु दोन आठवडे उलटले तरी झोप पहाटे तीनला मोडते, जेवणाची चव जाते, आयुष्यभर आवडलेले गाणे कानाला नकोसे होते, साध्या हिशेबात मन लागत नाही, आपण सर्वांना भार आहोत असे वाटू लागते, मरणाचा विचार येऊन बसतो; ही केवळ उदासी नव्हे. दुःखी माणसाला नातवाच्या बोबड्या बोलाने क्षणभर तरी हसू येते. या आजारात ते हसूही पोचत नाही. क्वचित थायरॉइडच्या कमतरतेनेही असेच चित्र दिसते. म्हणून वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी.

आता एक गोष्ट, जी ग्वाल्हेरच्या मराठी माणसालाच सांगता येते. आपल्याकडे ‘करमत नाही’ असा एक शब्दप्रयोग आहे. हिंदीत त्याच्या जवळ जाणारे शब्द आहेत, ‘मन नहीं लगता’ वगैरे. पण त्यात ते रिकामे दुपारचे घर येत नाही. आपण पाच-सहा पिढ्या बाजारात हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी बोलत आलो. व्यवहार हिंदीत सुखाने होतो. रडू मात्र मराठीत येते. माझ्या परिचयातील एक वृद्ध बाई मुलाच्या आग्रहाने समुपदेशकाकडे गेल्या. त्यांनी तासभर अतिशय शुद्ध हिंदीत प्रकृती ठीक असल्याचे सांगितले आणि त्या परत आल्या. तिसऱ्या भेटीत समुपदेशक म्हणाले, “आप मराठी में बोलिए, मैं समझने की कोशिश करूँगा.” त्या दिवशी बाई पहिल्यांदा बोलल्या. समजले त्यांना निम्मेच असेल. पण बोलणे झाले. म्हणून माझी सूचना अशी की, भाषेची अडचण पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावी. आता दूरध्वनीची सोयही आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, ती रात्रंदिवस चालते आणि तिच्या भाषांत मराठीही आहे.

“घरात मोठी माणसे आहेत, मित्र आहेत, मग परक्याकडे का जायचे?” हा आक्षेप मी शेकडो वेळा ऐकला आहे. घरचा माणूस ऐकतो तेव्हा त्याला स्वतःलाही दुःख होते, आणि ते पाहून सांगणारा अर्धे गिळून टाकतो. मित्र लगेच उपाय सांगतो. समुपदेशक परका असतो, हेच त्याचे भांडवल. सांगितलेले तो गुप्त ठेवतो. जिवाला धोका दिसला तरच त्याला अपवाद, आणि तो अपवादही चांगला समुपदेशक आधी सांगून ठेवतो. ‘मनाचे श्लोक म्हणा’ असेही सुचवले जाते. समर्थांविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु मनाला उपदेश करायचा तर ऐकणारे मन ठिकाणावर हवे. या आजारात नेमके तेच आजारी असते. श्लोक सोडायचे कारण नाही. ते आहेत म्हणून वैद्य टाळायचा, एवढे मात्र करू नये.

समुपदेशनात होते काय? गप्पा नव्हेत, उपदेशही नव्हे. अमेरिकेत १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी आणि पुढे आरोन बेक यांनी असे मांडले की, माणसाला घटनेइतकाच तिच्याविषयीचा स्वतःचा ठाम विचार छळतो, आणि तो विचार तपासून पाहता येतो. एलिस यांची ही पद्धत मराठीत रुजवण्याचे श्रेय कि. मो. फडके यांच्याकडे जाते, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने १९९० पासून हे काम मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्यापर्यंत आणले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट नैराश्यावरचा. त्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. आपल्या सभासदांनी तो जरूर पाहावा. त्यात कोणी कोणाला भाषण देत नाही.

व्यवहाराचे थोडे सांगतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. तेव्हा शिक्षण आणि अनुभव विचारण्यात संकोच नको. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद करणारे पुष्कळ, आणि बरे वाटताच मनाने सोडून देणारे त्याहून अधिक. दोन्ही घातक. एका समुपदेशकाशी जुळले नाही तर दुसरा पाहावा. शिंपी बदलतो, मग हा का नाही?

घरातील कोणी मरणाची भाषा करीत असेल तर विषय बदलू नये. “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; असेल तर बाहेर येतो. त्या रात्री त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि विषारी वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत, आणि सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. पहिल्या भेटीला सोबत जावे. आत मात्र त्याला एकट्याला जाऊ द्यावे आणि आपण बाहेरच्या बाकावर बसून राहावे. तो बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले?’ असे विचारू नये. चहा प्यायला न्यावे.